नववं रीळ

८ नोव्हेंबर

दादा,

सुरी पुठ्ठ्यात अर्धी गेली होती तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तो घोडेस्वाराचा इंग्रजी सिनेमा पाहिलाय का हो?"

बाइंडर थांबला. सुरी तशीच धरून म्हणाला, "अर्धा."

"अर्धा म्हणजे?"

"मध्यंतरात उठावं लागलं."

"का?"

तो हसला आणि पुढे कापू लागला. मी माझ्या टेबलाशी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

वाचनालयात सध्या बांधणीचं काम चालू आहे. दोनशे बारा पुस्तकं. मागच्या खोलीत हा माणूस सुई-दोरा, खळीचं भांडं आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा घेऊन बसतो. दोन महिने झाले. महिनाअखेर काम संपेल आणि तो पुढच्या गावाला जाईल. पण ते असो.

मला सिनेमाबद्दल विचारायचं आहे. आपल्या थिएटरात तो आठवडाभर होता. बाबा तेव्हा मोठे ऑपरेटर होते आणि तू त्यांच्या हाताखाली. मी बारा वर्षांची होते. शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला तू मला आत सोडलंस. मला आठवतं ते असं. दरोडेखोर जखमी होऊन शाळेच्या मास्तरणीच्या घरी येतो. ती त्याला तीन दिवस ठेवून घेते. तो बंदूक पिठाच्या डब्यात लपवतो. शेवटी दोघं एकाच घोड्यावरून जातात, पाठमोरी. बरोबर ना? पिठाचा डबा होताच ना? आणि तो स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे जातो, असं त्यात कुठे आहे का? मला तरी आठवत नाही.

एका माणसाने मला लग्नाचं विचारलं आहे. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे, आणि ते या सिनेमावर अडलं आहे. हसू नकोस. वहिनीला वाचून दाखवू नकोस. कोण, ते आत्ता विचारू नकोस. फक्त सिनेमाचं सांग.

तुझी,
खारू


१३ नोव्हेंबर

चि. खारू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं. नसतं दाखवलं तर दुपारी मी झोपल्यावर तिने ते वाचलंच असतं, आणि वर मला जागं करून अर्थ विचारला असता.

तिने एकच शब्द उच्चारला. "पोस्टमास्तर!"

तू सांगू नकोस, आम्हीही विचारत नाही. पण गेल्या वर्षी मीच त्यांचं नाव काढलं होतं तेव्हा तू पत्राचं उत्तर चार महिने दिलं नव्हतंस, एवढी आठवण करून देतो. सभ्य माणूस आहे. पेन्शन आहे. जरा घोरतात असं त्यांच्या भावाने सांगितलं होतं. आता त्यांना सिनेमाचा शौक आहे हेही कळलं. त्रेचाळिसाव्या वर्षी का होईना, आई असती तर तिला बरं वाटलं असतं. तिच्या आजारपणात तू स्वतःचं काही पाहिलं नाहीस हे तिला शेवटपर्यंत लागून राहिलं होतं.

आता सिनेमा. तू थेट ऑपरेटरला विचारलंस हे बरं केलंस.

पिठाचा डबा होता. मला चांगला आठवतो. पांढरं पीठ आणि त्यात काळी बंदूक जाते, मग तो वरून हाताने पीठ सारखं करतो. मास्तरणीचे तीन दिवस, तेही बरोबर.

शेवट मात्र तू पाहिलास तो नव्हे. हे एकतीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. आता थिएटरात खुर्च्यांचं गोदाम आहे, बाबा नाहीत, मालकही नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

त्या सिनेमाची एकच प्रत दोन गावांत चालायची. नऊ रिळं. शेजारच्या गावात खेळ आपल्या आधी सुरू व्हायचा. तिथे एक रीळ संपलं की सायकलवाला ते डब्यात घालून आपल्याकडे आणायचा. शेवटच्या दिवशी पूल बंद झाला. आठवं आलं, नववं आलं नाही. खाली लोक शिट्ट्या मारायला लागले. बाबांनी कपाटातून दुसऱ्या एका सिनेमाचा तुकडा काढला. घोड्यावर दोघं पाठमोरी, माळावरून जातात. म्हणाले, जोड. मी म्हटलं, बाबा, यात घोडा काळा आहे, आपला पांढरा होता. ते म्हणाले, "पाठीमागून सगळे सारखेच." मी जोडला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या तर नाहीच.

खरा शेवट असा की तो माणूस स्वतः उठून पोलिसांच्या स्वाधीन होतो. मास्तरणीसाठी. बंदूक घेऊन जातो आणि टेबलावर ठेवतो.

तेव्हा पोस्टमास्तरांशी पैज लागली असेल तर ते जिंकले. आता हो म्हणून टाक.

तुझा,
दादा


१८ नोव्हेंबर

दादा,

पोस्टमास्तर नाहीत. त्यांचा यात काही संबंध नाही. वहिनीला सांग.

बाइंडर आहे.

आता सगळंच सांगते, कारण लपवून काही उरलं नाही. तो आठ वर्षं रस्त्यावर होता. म्हणजे टोळीबरोबर. घाटात ट्रक आणि बस अडवून लुटायचे. नंतर नऊ वर्षं तुरुंगात होता. बांधणी तिथे शिकला. सुटून पंधरा वर्षं झाली. हे त्याने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, मी न विचारता. म्हणाला, "बाई, उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

आपल्या थिएटरात तो मध्यंतरात उठला, कारण त्याच्या मागच्या रांगेत एक पोलीस शिट्टी वाजवत सिनेमा बघत होता.

दुपारी वाचक नसतात. तो शिवायचा आणि मी पानांचे क्रम तपासायचे. तेव्हा एकेक दिवस थोडं थोडं करून त्याने आपलं सांगितलं. शेवटच्या दरोड्यात तो जखमी झाला. डोंगरावरच्या एका वस्तीत एका मास्तरणीने त्याला तीन दिवस ठेवून घेतलं. त्याने बंदूक पिठाच्या डब्यात लपवली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, जा, आणि तो खाली उतरून पोलिसांकडे स्वतः हजर झाला.

ऐकता ऐकता मला वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलं आहे. मग आठवलं, आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. मास्तरीण, तीन दिवस, डबा. पण मी मनाशी म्हटलं, डबे काय सगळ्यांच्या घरी असतात. मास्तरणीही सगळ्या गावांत असतात. आणि शेवट तर वेगळा आहे. सिनेमातला माणूस बाईला घोड्यावर घेऊन पळतो. हा पोलिसांकडे गेला. तेवढं तरी त्याचं स्वतःचं आहे. मला तेवढं पुरलं असतं, दादा. तो दरोडेखोर होता हे मी गिळलं होतं. ते त्याने खरं सांगितलं होतं.

म्हणून तुला विचारलं. आणि तू लिहिलंस की शेवटही सिनेमातलाच. अर्धाच पाहिला असं तो म्हणतो, पण उरलेला त्याने दुसऱ्या गावी पाहिला नसेल कशावरून?

काल मी त्याला नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. म्हटलं, तुम्ही जे केलं ते मी समजून घेतलं असतं, पण तुम्ही मला सिनेमा सांगितलात. त्याच्या हातात सुई होती. त्याने दोरा दाताने तोडला. म्हणाला, "एकतीस पुस्तकं राहिलीत. तीस तारखेपर्यंत होतील." नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

मी घरी येऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

खारू


२२ नोव्हेंबर

खारू,

तू बरं केलंस. वहिनी म्हणते, त्याहून बरं केलंस.

पण हे काय चाललं होतं तुझं! दोन महिने तू मागच्या खोलीत एका दरोडेखोराबरोबर एकटी बसत होतीस आणि आम्हाला लिहीत होतीस की हवा बरी आहे. आठ वर्षं बस लुटणारा माणूस! हातात सुरी! आणि तू त्याला पानांचे क्रम लावून देत होतीस!

त्याचं काम ताबडतोब बंद कर. समितीच्या अध्यक्षांना सांग. सांगायला लाज वाटत असेल तर मी लिहितो. कपाटांना कुलपं लाव. किल्ल्या घरी नेत जा. तो जाईपर्यंत वहिनी तुझ्याकडे येऊन राहायला तयार आहे. तिने बॅगही काढली आहे.

असली माणसं गोष्ट सांगण्यात पटाईत असतात. तीच त्यांची दुसरी बंदूक. वेळीच मला विचारलंस म्हणून निभावलं.

दादा


२५ नोव्हेंबर

खारू,

मागचं पत्र टाकून घरी आलो आणि तेव्हापासून चैन नाही. वहिनी विचारते, पोट बिघडलं का. मी हो म्हणतो.

हे पत्र लिहिलं नाही तर कुणाला कळणार नाही. तू नाही म्हणाली आहेस, माणूस शनिवारी जाईल, विषय संपला. मला तेच हवं आहे. तरी लिहितो.

नववं रीळ आपल्याकडेच आहे. त्या वेळी ते दुसऱ्या दिवशी आलं. तोवर बाकीची आठ पुढे रवाना झाली होती. बाबा म्हणाले, मागतील तेव्हा देऊ. कुणी मागितलं नाही. ते माझ्या ट्रंकेत आहे, जुन्या भिंगाखाली.

काल दुपारी मी ते खिडकीशी नेलं आणि हाताने उलगडत बसलो. चौकटीमागून चौकट, भिंग लावून. तुला दाखवावं म्हणून काढलं होतं, म्हणजे पुरावा म्हणून. त्यात मास्तरीण त्याला बंदूक काढून देते असा प्रसंग आहे. ती बंदूक चुलीच्या राखेतून काढते. राखेतून, खारू. झटकते, आणि राख तिच्या पदरावर उडते, म्हणजे त्यांच्या त्या झग्यावर. पिठाचा डबा कुठेच नाही. मागच्या फळीवरसुद्धा नाही. मी तीनदा पाहिलं.

मग मी पिठात बंदूक जाताना पाहिली ती कुठे? तुझ्या पत्रात. तू लिहिलंस "पिठाचा डबा होताच ना", आणि मला डबा दिसला. वरून पीठ सारखं करणारा हात मी माझ्याकडून घातला. आणि तुला तो कुठे दिसला? तू त्याची गोष्ट आधी ऐकलीस आणि सिनेमा नंतर आठवलास. मला वाटतं तुझंही तेच झालं असावं. नक्की सांगता येत नाही.

आता दुसरं. शेवट. रिळाचे शेवटचे पन्नासेक फूट एकमेकांना चिकटून वडी झाली आहे. सुटत नाही. व्हिनेगरसारखा वास येतो. वडीच्या आधीच्या चौकटीत तो माणूस एका दाराकडे चालला आहे. दार कुणाचं ते दिसत नाही. पोलिसांचं असेल. गुत्त्याचं असेल.

तू म्हणशील, दादा, तू सहा दिवस ते रीळ चालवलंस. चालवलं. पण ऑपरेटर सिनेमा बघत नाही, हे मी तुला कधी सांगितलेलं नाही कारण तुला माझा मोठा अभिमान होता. ऑपरेटर पडद्याचा उजवा वरचा कोपरा बघतो. रीळ संपत आलं की तिथे ठिपका येतो. पहिला ठिपका, दुसरं मशीन सुरू. दुसरा ठिपका, दृश्य तिकडे. मी हजार सिनेमांचे कोपरे पाहिले आहेत. आणि नवव्या रिळाच्या वेळी तर तेही नाही. पुढे रीळ नसतं, म्हणून ठिपक्याची वाट बघावी लागत नाही. मी तेव्हा आठवं उलटं गुंडाळत असे, पडद्याकडे पाठ करून.

तो पोलिसांच्या स्वाधीन होतो, बंदूक टेबलावर ठेवतो, हे मला कुणी सांगितलं? बाबांनी, बहुतेक. त्यांनी तरी पाहिलं होतं का? तेही ऑपरेटरच.

म्हणजे मी तुला काय लिहिलं ते मलाच माहीत नाही. तू माझ्या शब्दावर एका माणसाला खोटा म्हणालीस, आणि माझ्याकडे शब्दच नव्हता.

याचा अर्थ तो खरा आहे असा नव्हे. मला तो नको आहे. पण मी म्हणालो म्हणून तू नाही म्हणू नयेस.

वहिनीला हे पत्र दाखवलेलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दादा


२६ नोव्हेंबर

दादा,

तुझं बावीस तारखेचं पत्र मिळालं. कपाटांना कुलपं आहेत. आत पुस्तकं आहेत. ती नेणार असेल तर मला आनंदच होईल, वर्षभरात वाचकांनी दीडशेच नेली आहेत. वहिनीला म्हणावं बॅग ठेवून दे.

काम मी थांबवलेलं नाही. सोळा उरली आहेत. तो सकाळी येतो, नमस्कार करतो, खळ ढवळतो. आम्ही बोलत नाही. पूर्वी शिवायच्या आधी तो प्रत्येक फर्म्याची, म्हणजे घडीच्या पानांच्या गठ्ठ्याची, शेवटची ओळ मोठ्याने वाचायचा आणि मी पुढच्याची पहिली. जुळली की शिवायचं. कधी कधी ओळी अशा जुळायच्या की आम्ही दोघं हसत सुटायचो. आता तो मनातल्या मनात वाचतो.

काल त्याने एक फर्मा उलटा शिवला. इतक्या पुस्तकांत पहिल्यांदाच. माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही. तासाभराने त्याच्याही लक्षात आलं. सगळा दोरा उसवून पुन्हा शिवला.

मी बरोबर केलं असं तुम्ही दोघं म्हणता. मग मला असं का वाटतं की माझ्याच आत काहीतरी उलटं शिवलं गेलं आहे? खोटं पकडल्यावर माणसाला बरं वाटतं ना? मला कळत नाही. तो चिडला असता तरी मला कळलं असतं.

खारू


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

पंचवीसचं पत्र आज दुपारी आलं. मी ते काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. एक आजोबा नकाशांचं पुस्तक परत करायला आले होते. त्यांना मी दोनदा पावती दिली.

मग मागच्या खोलीत गेले. शेवटची दोन पुस्तकं शिकंज्यात होती. तो हत्यारं पुसत होता. मी दाराशीच उभी राहिले आणि म्हटलं, "सिनेमात डबा नव्हता. राख होती."

त्याला काही कळलं नाही. मी तुझं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्याने सावकाश सगळं वाचलं. गुत्त्याच्या जागी थांबला. मग घडी घालून परत दिलं.

"तुमचे दादा सरळ आहेत," तो म्हणाला.

"ते राहू दे. तुम्ही खरं काय ते सांगा."

"कुठलं? डब्याचं?"

"डब्याचं. सगळ्याचं."

"डबा खरा आहे. ती मला फार बोलली. आठवड्याचं पीठ फुकट गेलं म्हणून."

"आणि ती?"

"ती काय?"

"ती कुठे आहे आता?"

मग त्याला उमगलं. "अहो बाई, ती तेव्हाच साठीची होती. मला मेल्या म्हणायची."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आणि पोलिसांकडे?"

त्याने सुरी म्यानात घातली, काढली, पुन्हा घातली. मग सांगितलं. तो म्हणाला तसं लिहिते. मला स्वतःकडून काही घालायचं नाही.

गोळीची जखम किरकोळ होती. खरी दुखत होती ती दाढ. तीन दिवस. गाल एवढा सुजला होता की एक डोळा मिटला होता. मास्तरणीने लवंग दिली, मिठाच्या गुळण्या दिल्या, शेवटी म्हणाली, मेल्या, रात्रंदिवस तुझं कण्हणं मी किती ऐकू, खाली सरकारी दवाखान्यात जा. तो गेला. बंदूक डब्यातच राहिली. दवाखान्यात दात काढणाऱ्यासमोर रांग होती. त्याच्यापुढे एक पोलीस शिपाई होता, तोही गाल धरून. शिपाई वळून म्हणाला, "फार दुखतंय का?" हा म्हणाला, "फार." शिपाई म्हणाला, "नाव काय तुझं?" नुसतं बोलायचं म्हणून. आणि याने खरं नाव सांगितलं.

"का?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"काहीतरी असेल ना."

"आठ वर्षं कुणी विचारलं की मी वेगळं नाव सांगायचो. माझ्याकडे पाच होती. त्या दिवशी एकही आठवलं नाही. किंवा आठवलं आणि सांगावंसं वाटलं नाही. चोवीस वर्षं विचार करतोय. कळलेलं नाही."

"मग पश्चात्ताप?"

"तो नंतर झाला, बाई. तुरुंगात, दुसऱ्या वर्षी. एका बसमधल्या म्हाताऱ्याचा चेहरा यायला लागला. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. ते सांगता येत नाही."

"आणि स्वतःहून हजर झालो, ते?"

"वकिलाने सांगितलं. मी त्याला दाढेचं सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, दाढ कोर्टात चालत नाही. स्वतःहून हजर झालो म्हण, मास्तरणीच्या उपदेशाने. मी म्हटलं. मग तुरुंगात पाहुणे यायचे, त्यांना तेच सांगायचं. जेलर मला पुढे बसवायचा. सुटल्यावरही कुणी काम देताना विचारलं की तेच. सांगून सांगून गुळगुळीत झालं. मलाही बरं वाटायचं ऐकायला. तुम्हाला सांगताना मी काही जोडतोय असं मला वाटलंच नाही."

"मी खोटं म्हटलं तेव्हा का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुम्हाला दाढेचं कळलं."

दादा, मी खुर्चीवर बसले. मला काही सुधरत नव्हतं, अजूनही सुधरत नाही. म्हणजे मी त्याला नाही म्हटलं ते चुकीच्या कारणाने, पण तो खोटं बोलला होता हे खरंच. सिनेमातलं नाही, वकिलाचं. आणि दाढ? दाढही कुणाची उसनी असेल का? मी त्याला म्हटलं, तोंड उघडा. त्याने निमूट उघडलं. डावीकडे खाली मागे एक जागा रिकामी आहे. मग मला माझीच शरम वाटली. रिकामी दाढ तर माझ्याही तोंडात आहे.

तो म्हणाला, "बाई, यापुढचं मी काही सिद्ध करू शकत नाही. नऊ वर्षं भोगली त्याचा कागद आहे. बाकीचं मलाच धड माहीत नाही. उद्या सकाळी सातची गाडी आहे."

मी विचारलं, "मला लग्नाचं विचारलंत, त्याचं कारण माहीत आहे का?"

"ते माहीत आहे."

"काय?"

"ओळी जुळवताना तुम्ही माझ्याआधी हसता."

मग तो हात धुवायला गेला, आणि मी दिवे मालवून घरी आले.

हे सगळं लिहून मी दोनदा वाचलं. कुठेही मला असं एक वाक्य सापडत नाही ज्यावर पाय रोवून उभं राहावं. सिनेमा तू पाहिला नव्हतास, मी दुसराच पाहिला, त्याने अर्धा पाहिला. त्याचं आयुष्य वकिलाने लिहिलं आणि त्याने पाठ केलं. मास्तरीण साठीची निघाली. मला एवढंच कळतं की तो पहिल्यांदा सांगत होता तेव्हा मी ऐकत होते, आणि आज तो सांगत होता तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते. त्याला सांगताना त्रास होत होता. पाठ केलेलं सांगताना असा त्रास होत नाही. की होतो? हे तुला विचारण्यात अर्थ नाही, तू पाठमोरा असतोस. रागावू नकोस. तू ते पत्र लिहिलंस यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहीन, आणि तू ते का लिहिलंस हेही तुला नीट माहीत नाही, हे मला आवडलं.

पत्र उद्या टाकते. पाकिटं संपली आहेत.

खारू

३० तारीख. पाकीट मिळालं. आज सकाळी पावणेसातला मी स्टँडवर जाऊन त्याला हो म्हटलं. साडेदहाला आम्ही निबंधकाच्या कचेरीत लग्नाची नोटीस दिली. कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून ती तीस दिवस फळ्यावर लावतात. कचेरी दहा ते पाच उघडी असते, तुला लागलं तर. तिथून तो शाळेत काम मिळतं का ते विचारायला गेला आणि मी वाचनालय उघडलं, दोन तास उशिरा.